विंडोज नवी टाकली आणि आवाज गेला? आधी हिरवी पट्टी बघा

मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून ती टाइप करून देणं हे माझं काम. दिवसाचे सहा-सात तास कानाला हेडफोन असतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून डेस्कटॉप पूर्ण पुसून विंडोज ११ टाकली. सगळं झकपक दिसायला लागलं, आणि पहिली फाइल लावली तर चिडीचूप. घड्याळाशेजारच्या स्पीकरवर लाल फुली नाही, आवाज शंभरावर, फाइलचा काटाही पुढे सरकतोय. मग मी तेच केलं जे सगळे करतात. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला आवाजाची चिप चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर, डाउनलोड केला. तो चालेना म्हणून दुसरा केला. दुसरा काढून परत पहिला टाकला. असे तीन तास घालवल्यावर कळलं की आवाज व्यवस्थित निघत होता. फक्त तो मॉनिटरकडे जात होता, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत.

एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसला की त्याच्यासोबत एक ऑडिओ डिव्हाइसही येतं, आणि कोऱ्या विंडोजला तुमची जुनी आवड ठाऊक नसते. ती कधी कधी मॉनिटरलाच मुख्य स्पीकर मानून मोकळी होते.

म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी आवाज नेमका कुठे हरवतोय ते शोधा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत एमएमएसवायएस, मग टिंब, मग सीपीएल अशी इंग्रजी अक्षरं सलग टाइप करून एंटर करा. साउंडची जुनी, छोटी खिडकी उघडते. सेटिंग्जमधलं नवं पान दिसायला देखणं आहे, पण मला ही म्हातारी खिडकीच बरी वाटते, कारण सगळी डिव्हाइसं एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकासमोर उजवीकडे एक बारीक उभी पट्टी असते. आता एखादं गाणं लावून ठेवा आणि त्या पट्ट्यांकडे बघा. ज्या डिव्हाइसकडे आवाज जातोय त्याची पट्टी हिरवी होऊन खालीवर नाचते. माझ्याकडे ‘स्पीकर्स’समोरची पट्टी राखाडी, मढ्यासारखी पडलेली होती आणि मॉनिटरच्या नावासमोरची टणाटण उड्या मारत होती. ‘स्पीकर्स’वर राइट क्लिक करून ‘सेट ॲज डिफॉल्ट डिव्हाइस’ केलं आणि रेकॉर्डिंगमधले आजोबा वाक्याच्या अर्ध्यातूनच बोलायला लागले.

यादीत हवं ते डिव्हाइस दिसत नसेल, तर मोकळ्या जागेत राइट क्लिक करून ‘शो डिसेबल्ड डिव्हाइसेस’वर खूण करा. बंद करून ठेवलेलं असेल तर तिथे फिकट दिसेल.

पट्टी बरोबर डिव्हाइससमोर नाचतेय आणि तरीही कानात काही नाही, तर बहुतेक वेळा विंडोजची चूक नसते. डेस्कटॉप असेल तर पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये आहे ना ते बघा. गुलाबी माइकचा, निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा. पुसण्या-झाडण्यात पिन शेजारच्या भोकात गेलेली मी स्वतः दोनदा पाहिली आहे. स्पीकरची वीज चालू आहे ना, हेही लाज न बाळगता बघा. (एका पठ्ठ्याची वीज चालू होती, स्पीकरचं गोल बटणच शून्यावर होतं.)

लॅपटॉपवर एक वेगळं दुखणं दिसतं: हेडफोन लावला की ऐकू येतं, काढला की शांत. विंडोज आपल्या पोतडीतला सर्वसाधारण ड्रायव्हर लावते, ज्याचं नाव ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’. तो पुष्कळ मशीनवर उत्तम चालतो. पण काही लॅपटॉपमध्ये आतल्या स्पीकरसाठी वेगळी ॲम्प्लिफायर (आवाज मोठा करणारी) चिप असते, आणि तिला जागं करायची विद्या त्या सर्वसाधारण ड्रायव्हरला येत नाही. इथे मात्र लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचाच ड्रायव्हर लागतो.

आता साउंडच्या खिडकीतली यादी पूर्ण रिकामी असेल तर. विंडोजचं बटण आणि एक्स दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ आणि ‘अदर डिव्हाइसेस’ या दोन फांद्या उघडून बघा. दुसरीत पिवळ्या उद्गारचिन्हासह ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ दिसला तर हायसं वाटून घ्या: आवाजाची चिप जिवंत आहे, फक्त ड्रायव्हर नाही. त्यावर डबल क्लिक केलं की बहुधा ‘कोड २८’ दिसेल, त्याचा अर्थ तोच. ‘कोड १०’ असेल तर ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होत नाही. तो अनइन्स्टॉल करून, रीस्टार्ट करून पुन्हा टाका.

चिप कोणाची ते ओळखायचं तर त्याच खिडकीत ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. लांबलचक ओळीत व्हीईएनच्या पुढची चार अक्षरं वाचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १००२ म्हणजे एएमडी, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. शेवटचं दिसलं तर तुम्ही ग्राफिक्स कार्डाचा ऑडिओ बघताय, मदरबोर्डचा नाही. मी त्या तीन तासांत नेमकी हीच ओळ वाचली नव्हती.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच घ्या. मॉडेल आठवत नसेल तर स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा; लॅपटॉपसाठी ‘सिस्टिम मॉडेल’ची ओळ, डेस्कटॉपसाठी ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ची. “तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये” असं सांगणाऱ्या प्रोग्रॅमांच्या नादी लागू नका. आवाज येईल की नाही देव जाणे, न मागितलेली चार सॉफ्टवेअरं मात्र हमखास येतील. नव्या विंडोजवर वायफायही गायब असेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टिदरिंग (फोनचं इंटरनेट मशीनला देणं) चालू करा, तेवढ्यापुरतं भागतं.

आणि क्रम चुकवू नका. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चिपांचा) ड्रायव्हर, मग रीस्टार्ट, मग ऑडिओचा. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर यांच्या मध्ये ‘इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी’ नावाचा आणखी एक येतो. त्या मशीनवर रिअलटेकची चिप त्याच्या आडोशाला बसलेली असते. तो टाकल्याशिवाय विंडोजला ती दिसतच नाही, आणि रिअलटेकचा इन्स्टॉलर कितीही वेळा चालवला तरी फुकट. सपोर्ट पानावर काही सापडलं नाही तर ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, त्यात ‘ऑप्शनल अपडेट्स’, तिथल्या ड्रायव्हरच्या यादीत डोकावा.

डिव्हाइस मॅनेजरच्या त्या दोन्ही फांद्यांत काहीच नसेल तर बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा आणि ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ किंवा ‘एचडी ऑडिओ’ अशा नावाची सेटिंग ‘इनेबल्ड’ आहे ना ते बघा. तीही चालू असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून) मशीन सुरू करा. तिथे आवाज आला तर चिप ठीक आहे, विंडोजकडे परत जा. तिथेही नाही आला, तर ते पुरतं सिद्ध होत नाही, कारण लिनक्समध्येही काही नव्या चिपना वेगळं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं. पण टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘अल्सामिक्सर’ हा आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्रॅम उघडून एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ लिहिलंय का बघा. एमएम म्हणजे म्यूट. त्या पट्टीवर जाऊन एम दाबलं की सुटतं.

आवाज आला की लगेच खुर्ची सोडू नका. त्याच म्हाताऱ्या खिडकीत ‘रेकॉर्डिंग’चा टॅब उघडून टाळी वाजवा आणि माइकची पट्टी हलते का बघा. मग मशीन स्लीपला टाकून उठवा आणि गाणं पुन्हा लावा. सगळं जमलं की डाउनलोड केलेले इन्स्टॉलर टाकलेल्या क्रमाने १, २, ३ असे आकडे देऊन पेनड्राइव्हवर ठेवा. माझ्या पेनड्राइव्हवर चौथी फाइल साध्या टेक्स्टची आहे आणि तिच्यात एकच ओळ: “आधी मॉनिटर बघ, बये.”