सुरमईचे ठिपके आणि माझे वाया गेलेले चार महिने

सुरमईवर प्रबंध घेतलेली मुलं मला बहुतेक सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. माझं काम त्याच्या कितीतरी आधी अडलं होतं, मासा ओळखण्यातच.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासळी बंदरावर पहाटे लिलावाआधी मी मापं घ्यायचे. सुरमई म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन जाती तिथे येतात, कॉमरसन आणि गुट्टॅटस. डोक्यात एकच सूत्र होतं: पट्टे म्हणजे कॉमरसन, ठिपके म्हणजे गुट्टॅटस. मोठ्या माशांना ते लागू पडतं. कॉमरसन २४० सेंटिमीटर आणि ७० किलोपर्यंत वाढते, अंगावर ४०-५० नागमोडी उभे पट्टे असतात. गुट्टॅटस ७५ सेंटिमीटरच्या आसपास थांबते. घोटाळा होतो तो हातभर लांबीच्या माशांत. कोवळ्या कॉमरसनला पट्टे वीसहूनही कमी असतात आणि पोटाकडे ते तुटून ठिपक्यांसारखे दिसतात. रात्रभर बर्फात राहिलेला मासा तर आणखी फिका पडतो. अशी सगळी पिल्लं मी चार महिने गुट्टॅटसच्या रकान्यात लिहीत गेले.

उघडकीला आलं ते पोट फाडल्यावर. ५० सेंटिमीटरची 'गुट्टॅटस', म्हणजे वयात आलेली हवी. पण एकामागून एक माशांत अंडाशय दोऱ्याएवढंच, म्हणजे ती कॉमरसनची पिल्लं होती. नमुने केव्हाच विकले गेले होते आणि फोटो सगळे वरून काढलेले. नोंदी टाकून द्याव्या लागल्या. त्या दिवशी मी जेटीवर बसून रडले, हे सांगायला मला आजही जड जातं.

म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका. ओल्या फडक्याने माशाची कूस पुसा, बुळबुळीत थर निघाला की पार्श्वरेषा, म्हणजे कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी रेघ, दिसते. तिच्यावर बोट ठेवून कल्ल्यापासून शेपटीकडे जा. कॉमरसनमध्ये ती पाठीलगत सरळ येते आणि दुसरा पाठीवरचा पर संपतो तिथे एकदम खाली उतरते. बोटाला ती उतरण कळते. गुट्टॅटसमध्ये अशी उडी नसते, रेघ सावकाश खाली येत शेपटीच्या देठाला मिळते. तरी शंका असली तर कल्ल्याचं झाकण उचलून पहिल्या कमानीवरचे गिल रेकर, म्हणजे कंगव्याच्या दातांसारखे काटे, मोजा. कॉमरसनला बहुधा ३ ते ६, फार तर ८. गुट्टॅटसला ८ ते १४. आठच निघाले तर निकाल पार्श्वरेषेचा. फोटो काढाल तो कुशीचा, आडवा, रेघ दिसेल असा.

लांबी फोर्कपर्यंतच, म्हणजे शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंतच घ्या, शेपटीची टोकं मोडलेली असतात. वाहू हा सुरमईसारखा दिसणारा वेगळा मासाही कधी सुरमई म्हणून समोर येतो. त्याचं तोंड लांबुळकं असतं आणि गिल रेकर नसतातच.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून ओळख करून घेऊ नका. डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएवरून जात ओळखणं, उत्तम, पण टोपलीतला प्रत्येक मासा त्यातून जाणार नाही. मार्गदर्शक निवडताना ते शेवटचे जेटीवर कधी गेले होते हे विचाराच. मला पार्श्वरेषा दाखवली ती तिथे मासे कापणाऱ्या एका मावशींनी. "अगो, रंग काय बघतंस, रेघ बघ," म्हणाल्या. त्यांच्या लेखी दोन्ही सुरमईच, गोव्यात दोन्ही इसवण, पण हाताला फरक ठाऊक होता.

पहिल्या महिन्यात दिवसाला दहाच मासे झाले तरी घाबरू नका, हात बसतो. फडकं मात्र पिशवीत दोन ठेवा, एक अर्ध्या तासात चिकट होतं.