कधी विक्रीलाच न आलेले गेमिंग कन्सोल घरच्या लॅपटॉपवर कसे खेळायचे

परवा भाच्यानं विचारलं, मामा तो निन्टेन्डोचा प्लेस्टेशन आपल्याला घेता येते का. म्हटलं घेता नाही येत बेटा, तो कधी विक्रीलाच आला नाही, त्याचा सापडलेला एक नमुना 2020 मध्ये लिलावात 3,60,000 डॉलरला गेला. पण खेळता येते, आणि त्याच रात्री मानेवाड्याच्या घरी जुन्या लॅपटॉपवर आम्ही चालवून पाह्यला. कसं ते सांगतो.

सुरुवात सेगा नेपच्यूनपासून करा, कारण तो सगळ्यात सोपा आहे. नेपच्यून म्हणजे सेगाचा मेगा ड्राइव्ह कन्सोल आणि त्याची ताकद वाढवणारा जोड 32एक्स एकाच डब्यात, 1995 मध्ये येणार होता पण तोवर सेगाचाच नवा कन्सोल सॅटर्न बाजारात आला मग याला विचारते कोण, सेगानं रद्द केला. डबा नाही आला तरी आतलं यंत्र तर दुकानात विकलं गेलंच होतं, म्हणून 32एक्सचा गेम चालवला की तुम्ही नेपच्यूनच चालवून राहिले समजा. जुने गेम चालवणारं रेट्रोआर्क हे सॉफ्टवेअर टाका, त्याच्या ऑनलाइन अपडेटरमधून पिकोड्राइव्ह नावाचा कोअर (त्या कन्सोलची नक्कल करणारा भाग) उतरवा, आधी कोअर लोड करा आणि मग .32एक्स ची फाइल उघडा. वेगळा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम, लागत नाही. इथं बहुतेक जण एकच चूक करतात, मेगा ड्राइव्हसाठी जेनेसिस प्लस जीएक्स हा कोअर चांगला आहे म्हणून तोच लावतात आणि गेम काऊन चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात, तर त्या कोअरमध्ये 32एक्स नाहीच. पहिला गेम व्हर्चुआ रेसिंग डिलक्स लावा, 32एक्सच्या दोन एसएच-2 प्रोसेसरमध्ये काय दम होता ते पहिल्याच वळणावर दिसते. रोम, म्हणजे गेमची फाइल, तुमच्या स्वतःच्या कार्ट्रिजची काढलेली असली तर उत्तम.

कोणाला खरोखरचा मेगा ड्राइव्ह आणि 32एक्स जोडूनच पाह्यचा असेल तर अडॅप्टर नीट पाहा. अमेरिकेचा असेल तर तो 120 व्होल्टचा, जपानचा 100 चा, आपल्या 230 च्या बोर्डात थेट घातला की संपला. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि पहिल्या मॉडेलच्या मेगा ड्राइव्हच्या पिनची पोलॅरिटी 32एक्सच्या उलटी असते, दोन्हीला एकच अडॅप्टर फिरवून लावू नका.

आता निन्टेन्डो प्लेस्टेशन, म्हणजे निन्टेन्डोचा सुपर निन्टेन्डो आणि सोनीचा सीडी ड्राइव्ह एकाच डब्यात. 1991 च्या जूनमध्ये शिकागोच्या शोमध्ये सोनीनं जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोनं फिलिप्ससोबत हात मिळवल्याचं सांगितलं. कारण होतं 1988 चा करार, त्यात सीडीवरच्या गेमचा ताबा सोनीकडे जात होता. मला ही गोष्ट अजूनही लागते, कारण मशीन चांगलं होतं, कागदावर हरलं. 2015 मध्ये तो नमुना समोर आला तेव्हा सीडी ड्राइव्ह बंद होता, नंतर कन्सोल उघडून दुरुस्त करणाऱ्या बेन हेकनं तो दुरुस्त केला. त्याच्यासोबतच्या सिस्टम कार्ट्रिजमधला बायोस उतरवला गेला म्हणून आपल्याला चालवता येते, नाहीतर नुसत्या सीडीला काही अर्थ नव्हता. विंडोजवर नो-कॅश एसएनएस हा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घ्या, त्याला तो बायोस द्या, आणि सुपर बॉस गायडेन नावाचा फुकट गेम लावा. त्या काळचा एकही सीडी गेम डब्यासोबत सापडला नाही, हा चाहत्यांनी 2016 मध्ये याच मशीनसाठी बनवला. भाचा एक तास उठला नाही.

शेवटी पॅनासॉनिक एम-2, हा जरा जड आहे. पॅनासॉनिकवाल्या मात्सुशितानं थ्रीडीओ कंपनीला या तंत्रज्ञानाचे 10 कोटी डॉलर दिले आणि 1997 मध्ये घरगुती कन्सोल रद्द केला, इतका पैसा टाकून! पण कोनामीनं तेच हार्डवेअर आर्केड मशीनमध्ये (पैसे टाकून खेळायच्या) वापरलं, आणि ते गेम मेम या आर्केड एम्युलेटरमध्ये आहेत. गेम सीडीवरचे असल्यामुळे रोमची झिप आणि सीएचडी फाइल (सीडीची प्रत) दोन्ही लागतात. झिप रोम्सच्या फोल्डरमध्ये टाका, त्याच फोल्डरमध्ये झिपच्याच नावाचा आणखी एक फोल्डर करा आणि सीएचडी त्याच्यात ठेवा, नाव एका अक्षरानं चुकलं तरी गेम उघडणार नाही. मेम जुना असेल तर आधी नवा उतरवा. प्रोसेसरवर खूप ताण येतो, दोन पॉवरपीसी चिप सोबत पळवायच्या असतात. लॅपटॉप तापून राहिला आणि आवाज अडखळत असला तर फ्रेमस्किप (मधली काही चित्रं गाळणं) चालू करा. मे महिन्यात दुपारी हे करूच नका, रात्री अकरानंतर बसा, आणि थंड राहील म्हणून लॅपटॉप कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, ती हवा ओली असते, बाजूला पंख्याखाली ठेवा.