ब्रीडर कोंबड्यांचे खाद्य: वाटा प्रत्येकीला सारखा पोचावा

मांसल जातीच्या ब्रीडर कोंबड्यांना (म्हणजे पिल्ले काढण्याच्या अंड्यांसाठी पाळलेल्या नर-माद्यांना) पोटभर खाऊ घातले तर त्या लठ्ठ होतात, अंडी घटतात आणि नरांचे पायही अधू होतात. म्हणून त्यांना वयानुसार मोजूनच खाद्य द्यावे लागते. परंतु खाद्य मोजके असले की दांडग्या कोंबड्यांचे फावते आणि दुबळ्या उपाशी राहतात. त्यामुळे काट्यावर वजन बरोबर भरले, एवढ्याने काम होत नाही. खरे कसब वाटपात आहे.

लांब भांड्यांत प्रत्येक मोठ्या मादीसाठी साधारण 15 सेंटिमीटर जागा ठेवावी आणि खाद्य 3 ते 4 मिनिटांत संपूर्ण शेडमध्ये पोचवावे. हाताने खाद्य टाकणाऱ्या आपल्याकडच्या शेडमध्ये एवढ्या वेळात ते साधत नसेल, तर आदल्या रात्री दिवे मालवल्यावर अंधारातच भांडी भरून ठेवावीत (उंदरांचा बंदोबस्त मात्र आधी हवा), म्हणजे पहाटे दिवे लागताच सगळा कळप एकदमच खायला लागतो. नंतर अर्ध्या तासाने फेरी मारून कडेला उभ्या असलेल्या बारीक कोंबड्या उचलाव्यात आणि गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. ती रिकामी, सैल लागली तर त्या कोंबडीला वाटा मिळालेला नाही. अशांना वेगळ्या कप्प्यात ठेवावे.

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, खाद्य देण्यापूर्वी, शेडच्या सर्व भागांतून 100 कोंबड्या एकेक करून तोलाव्यात. सरासरी 1000 ग्रॅम आली, तर 900 ते 1100 ग्रॅमच्या दरम्यान किमान 80 कोंबड्या भरल्या पाहिजेत. वाढीच्या काळात वजन जास्त भरले तरी खाद्य कमी करू नये. खाद्यातली पुढची वाढ तेवढी लांबवावी.

नरांची भांडी वेगळी आणि माद्यांना पोचणार नाहीत इतकी उंच टांगावीत. माद्यांच्या भांड्यांवर नराचे डोके शिरणार नाही अशी जाळी बसवावी.

अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि खाल्ल्यानंतर काही तासांनी पचनाची उष्णताही अंगात वाढते. ती ऐन दुपारी भिडू नये म्हणून भल्या पहाटेच खाद्य द्यावे. सकाळी उशिरा दिल्यास अंड्यावर आलेल्या माद्या अंडी घालण्याची खुराडी सोडून भांड्यांकडे धावतात आणि अंडी जमिनीवर पडतात.

पावसाळ्यात ओलसर मका घेऊ नये, कारण बुरशीमुळे त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत आणि जुनी आधी संपवावीत.