अपेंडिक्सचा सीटी स्कॅन: या चुका टाळा

सर्वांत जास्त फसगत एका आकड्यामुळे होते. अपेंडिक्स ६ मिमीपेक्षा जाड म्हणजे सूज, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण आत हवा किंवा मल असेल तर धडधाकट माणसाचं अपेंडिक्सही ७-८ मिमी भरतं. आकड्याआधी भोवतालची चरबी पाहावी. निरोगी चरबी सीटीवर एकसारखी काळसर दिसते. सूज असेल तर तिच्यात करड्या रेघा उमटतात, अपेंडिक्सची भिंत जाड होते आणि कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) दिल्यावर उजळून निघते. यातलं काहीच नसेल, तर नुसत्या ७ मिमीवर ऑपरेशन ठरवण्याऐवजी सर्जननं पोट पुन्हा हातानं तपासलेलं बरं.

अपेंडिक्स मुळाशी दिसलं की शोध तिथंच थांबवणं, ही दुसरी चूक. कधी कधी फक्त टोक सुजतं, आणि ते मोठ्या आतड्यामागं किंवा खाली ओटीपोटात दडलेलं असतं. अगदी सडपातळ रुग्णात चरबीच कमी असल्यानं अपेंडिक्स शोधणंही जिकिरीचं होतं. ते सापडलं नाही, पण आसपास सुजेची एकही खूण नाही, तर अपेंडिसायटिसची शक्यता बरीच कमी होते. सोनोग्राफीत ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असं लिहून आलं, तर त्याचा अर्थ मात्र ‘नॉर्मल’ असा घेऊ नये.

मुतखड्याच्या संशयानं केलेल्या प्लेन (कॉन्ट्रास्टशिवायच्या) सीटीवर गुंतागुंत शोधायला जाऊ नका. पू, गळू, भिंतीतला खंड हे शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यावरच नीट कळतं. (त्याआधी ॲलर्जी आणि किडनीचा त्रास विचारायचा, हे वेगळं सांगायला नको.) तोंडानं कॉन्ट्रास्ट पाजून ताटकळत ठेवण्याची मात्र बहुतेकांना गरज नसते.

रिपोर्टात ‘फुटले’ असा शब्द नाही म्हणून निर्धास्त राहणं महागात पडतं. आतड्याबाहेर हवेचे बुडबुडे किंवा बाहेर पडलेला मलाचा खडा दिसला तर अपेंडिक्स फुटलंय हे उघडच आहे, पण बारीक छिद्र सीटीला चुकतं. मोठं गळू दिसलं तर अनेकदा आधी नळी घालून पू काढतात, अँटिबायोटिक देतात, ऑपरेशन नंतर. थंडी वाजून ताप येत असेल तर यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत गुठळी नाही ना, हे त्याच स्कॅनमध्ये पाहायला रेडिओलॉजिस्टला आवर्जून सांगा. चाळिशीपुढच्या रुग्णात सुजेआड गाठही लपलेली असू शकते.

लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी आधी सोनोग्राफी. गरोदरपणात तिनं उलगडा झाला नाही तर शक्यतो एमआरआय.

आणि दुखायला लागल्यावर पहिल्या काही तासांतच केलेला स्कॅन स्वच्छ आला, तरी दुखणं वाढत गेल्यास तो रिपोर्ट धरून घरी बसू नका. पुन्हा डॉक्टरांकडे जा.