ओझोन मोजायला येताय? आधी नळी बघा

तपांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या सगळ्यात खालच्या थरातल्या ओझोनवर पीएचडी करायला आलेली मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? मशीनमध्ये हवा नेणाऱ्या नळीपासून, असं म्हटलं की हिरमुसतात.

पहिल्या वर्षी मी गच्चीवर ओझोन मोजणारे दोन अ‍ॅनालायझर शेजारीशेजारी लावले होते. एक ३४ पीपीबी (हवेच्या अब्ज रेणूंमागे ओझोनचे ३४ रेणू) दाखवायचा, दुसरा २९. आठवडाभर कॅलिब्रेशन करून डोकं फिरलं. शेवटी गाइड वर आले, दुसऱ्याचा फिल्टर काढून माझ्या तळहातावर ठेवला. काळाकुट्ट. हवा आत जाण्याआधीच त्या धुळीवर ओझोन खर्ची पडत होता. नळीच्या भिंतीवरही तो असाच खर्ची पडू शकतो; नळी टेफ्लॉनची का आणि आखूड का, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

मोजायची रीत तशी सोपी. पाऱ्याच्या दिव्याचा २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश हवेतून सोडायचा आणि ओझोनने किती शोषला ते बघायचं. पण एक रेणू नेमका किती शोषतो? १९६१ साली मोजलेलं मूल्य जगभर चालत आलं. २०१९ मध्ये ते सुमारे सव्वा टक्क्याने कमी ठरलं. एक रेणू कमी शोषतो, तर तेवढ्याच शोषणाला रेणू जास्त लागणार. म्हणजे हवा तीच, मशीन तेच, ओझोन मात्र सव्वा टक्क्याने जास्त! सगळ्या केंद्रांनी एकाच दिवशी बदल केला नाही, तर केंद्राकेंद्रांत खोटा फरक दिसणार.

जुन्या नोंदींचा वाद याहून रंगतदार. पॅरिसच्या मोंसूरी वेधशाळेत १८७६ ते १९१० हवा आर्सेनाइट या रसायनाच्या द्रावणातून सोडून ओझोन मोजत. १९८८ साली त्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा सरासरी १० पीपीबीच्या आसपास निघाली. मग तेव्हापासून ओझोन दुपटीहून वाढला म्हणायचं, पण वातावरणाची संगणकी मॉडेलं इतकी वाढ दाखवेनात. २०१९ मध्ये ध्रुवीय बर्फात अडकलेल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) १८५० नंतरची वाढ ४० टक्क्यांच्या आत ठरली. माझा कल बर्फाकडे, कारण त्याच्या आकड्यात एका शहराची नाही, मोठ्या प्रदेशाची हवा आहे. तरी मोंसूरी मोडीत काढायला मन धजत नाही. ३४ वर्षं इतक्या नेटाने कोण मोजतं?

रजिस्टरमध्ये फिल्टरची तारीख, वापरलेला स्थिरांक (एका रेणूच्या शोषणाचं ते मूल्य) आणि एकक लिहाच. आपलं ओझोनचं ८ तासांच्या सरासरीचं मानक १०० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर, म्हणजे साधारण ५० पीपीबी. मी सेमिनारमध्ये मायक्रोग्रॅमचे आकडे पीपीबीच्या अक्षावर काढले, प्रदूषण सरळ दुप्पट. चहा होईपर्यंत कुणाच्याही लक्षात आलं नाही.