टायरचा साइज बदलल्यावर स्पीडोमीटर चुकतोय? दुरुस्त करताना या चुका टाळा

मोठे टायर बसवले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, लहान बसवले की जास्त. मीटरला मुळात वेग कळतच नाही. त्याला कळतात ते चाकाचे किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे फेरे. एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते हा आकडा गाडी बनतानाच ठरवून टाकलेला असतो. टायरचा परीघ बदलला की तो आकडा लागू पडत नाही आणि मग वेग, किलोमीटर, मायलेज सगळंच चुकत जातं.

हे दुरुस्त करता येतं. पण घाईने केलेल्या दुरुस्तीत बरेचदा मूळ चूक तशीच राहते आणि वर एक नवी चढते. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पाना किंवा स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून त्यातले आकडे वाचणारं, बदलणारं यंत्र) हातात घेण्याआधी चूक कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा.

रिम मोठी म्हणजे टायर मोठा, हा समज

१८५/६५ आर१५ हा टायर घ्या. रुंदी १८५ मिमी. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिमी मिळवायचे. व्यास आला ६२१.५ मिमी. आता १९५/५५ आर१६ चा हिशोब करा: ६२०.९ मिमी. रिम एक इंचाने वाढली, टायर रुंद झाला, पण व्यास जवळपास तोच. इथे मीटरला हात लावायची गरजच नाही. उलट रिम तीच ठेवून २०५/६५ आर१५ बसवला तर व्यास ६४७.५ मिमी होतो, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त वाढ. मूळ टायरवर मीटर अगदी बरोबर असेल, तर आता काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या वर पळत असते.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते आणि झिजून १.६ मिमीवर आली की व्यास जवळजवळ १३ मिमीने घटलेला असतो. वरच्या टायरसाठी हा २ टक्क्यांचा फरक आहे. त्यामुळे गुळगुळीत झालेला जुना टायर आणि कोरा नवा टायर यांची मापं घेऊन गुणोत्तर काढलं, तर त्यात झिजेचा फरकही मिसळतो. तुलना नव्याची नव्याशीच करा.

एकाच वेगाला तपासून निकाल देणं

मोबाइलच्या जीपीएसवर एकदा वेग पाहिला, मीटरशी जुळवला आणि फरक ठरवला, एवढ्याने काही कळत नाही. वेग वाढत किंवा कमी होत असताना जीपीएस थोडं मागे असतं. दाट झाडीत, उंच इमारतींमध्ये आणि बोगद्यात तर ते भरवशाचं नसतंच. सरळ, सपाट, मोकळा रस्ता हवा. वेग काही सेकंद स्थिर धरायचा आणि आकडे शेजारी बसलेल्या माणसाने लिहायचे, चालवणाऱ्याने नाही. ताशी ४०, ६०, ८० आणि नियमात बसत असेल तर १०० वर नोंद घ्या.

मग आकड्यांकडे नीट पाहा. ४० वर २ चा फरक आणि ८० वर ४ चा, म्हणजे चूक टक्क्यात आहे. ती टायरची किंवा गिअरच्या प्रमाणाची असू शकते. प्रत्येक वेगाला फरक तेवढाच, समजा ५, तर काटा जागेवरून सरकलेला आहे. काटा थरथरत असेल किंवा मध्येच शून्यावर पडत असेल तर केबल, सेन्सर किंवा वायरिंग पाहा. तिथे टायरचा संबंध नाही. आणि टायर बदलण्याआधीच्या नोंदी असतील तर त्यांना सोन्याचा भाव आहे, कारण मीटर आधी किती चुकत होता हे फक्त त्यांच्यावरूनच कळतं.

स्कॅनर लावून ॲपमध्ये दिसणारा वेग खरा मानणं ही याच जातीतली चूक. तो आकडा गाडीचा संगणक जुन्याच परिघावरून काढत असतो.

मीटर जीपीएसशी तंतोतंत जुळवायचा हट्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवेल असा बनवतात. अनेक देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किमी इतकी आहे. म्हणजे खरा वेग १०० असताना ११४ पर्यंत चालतं. ओडोमीटरला, म्हणजे किलोमीटर मोजणाऱ्या भागाला, असा मुद्दाम वाढवलेला फरक सहसा नसतो.

समजा तुमचा मीटर मुळात ५ टक्के जास्त दाखवायचा आणि नवे टायर ४ टक्क्यांनी मोठे आहेत. आता काटा जीपीएसशी जवळपास जुळतो. "चला, आपोआप बरोबर झालं" असं वाटतं. पण ओडोमीटर मात्र ४ टक्के मागे पडलेला असतो. १०,००० किमी धावलेल्या गाडीची नोंद सुमारे ९,६०० होते, सर्व्हिस उशिरा होते, आणि इंधनाचा हिशोब केला की मायलेज पडल्यासारखं दिसतं. मग एअर फिल्टर बदला, इंजेक्टर साफ करा, असा खर्च सुरू होतो.

म्हणून गाडीत नवा आकडा भरताना तो टायरच्या मापावरून भरा, जीपीएसशी काटा जुळवून नाही. माप घ्यायचं ते गाडीच्या वजनाखाली, कारण जमिनीला टेकलेला टायर दबतो आणि व्यासावरून काढलेल्या परिघापेक्षा एका फेऱ्यात थोडा कमी पुढे जातो. टायर थंड असताना हवा बरोबर भरा, चालकाला सीटवर बसवा, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा. चाक सरळ ठेवून पाच फेरे ढकला, अंतर मोजा आणि पाचाने भागा.

काटा उपटून पुन्हा बसवणं

हे करू नका. चूक टक्क्यात असताना काटा सरकवून फक्त एका वेगाला खोटा मेळ बसतो. मीटर ४ टक्के कमी दाखवत असेल, तर खऱ्या ५० ला तो ४८ वर असतो. काटा २ ने पुढे सरकवला, ५० जुळलं. पण खऱ्या १०० ला तो अजून ९८ च दाखवणार, आणि ओडोमीटर होता तिथेच. शिवाय नाजूक मीटरचा काटा ओढताना आतली दांडी वाकण्याची भीती वेगळीच.

जुन्या केबलच्या गाड्यांत योग्य जागा म्हणजे गिअरबॉक्समधलं छोटं पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं दातेरी चाक. टायर ५ टक्क्यांनी वाढला आणि पिनियन २१ दातांचं असेल, तर २० दातांचं हवं. दात कमी केले की केबल जास्त फिरते आणि मीटर वर जातो. नेमकं इथेच बरेच जण उलटं करतात. काही गिअरबॉक्समध्ये पिनियनचं हाउसिंगही (ते ज्यात बसतं ते कवच) दातांना जुळणारं लागतं, नाहीतर दात लवकर खरवडले जातात.

फक्त डॅशबोर्ड सुधारणं

आजकालच्या बहुतेक गाड्या वेग एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकावरच्या सेन्सरवरून घेतात आणि तोच आकडा ऑटोमॅटिक गिअर, क्रूझ कंट्रोल, स्थिरता नियंत्रण असे सगळे वापरतात. मीटरकडे जाणाऱ्या वायरमध्ये सिग्नल बदलणारा डबा जोडला की काटा सुधारतो, बाकी सगळे जुन्याच हिशोबावर चालत राहतात. ज्या गाडीत स्कॅनरने टायरचा परीघ किंवा साइज बदलता येतो, तिथे तोच मार्ग धरा. काही गाड्यांत कंपनीच्या यादीतलेच साइज निवडता येतात. यादीत जवळचा साइज नसेल तर टायरची निवडच पुन्हा तपासा.

कोडिंगआधी, म्हणजे स्कॅनरने नवा आकडा भरण्याआधी, मूळ आकडा लिहून ठेवा आणि बॅटरीला चार्जर जोडा. काम चालू असताना व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल (गाडीतला तो संगणक) अडकू शकतं. बॅटरी काढून लावल्याने गाडी नवा साइज शिकेल ही आशा सोडा. मात्र चाकाच्या फेऱ्यांवरून हवा ओळखणारी यंत्रणा असेल, तर टायर बदलल्यावर ती रीसेट करावीच लागते. पुढे एक आणि मागे दुसरा व्यास तर चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत मुळीच नको: डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) सतत घासत राहतं, आणि ती झीज कुठल्याही कोडिंगने थांबत नाही.

काम झाल्यावर आधीची चाचणी त्याच रस्त्यावर पुन्हा घ्या. या वेळी किलोमीटरच्या दगडांवरून ओडोमीटरही किमान १० किमी तपासा, आणि नवा परीघ सर्व्हिस बुकमध्ये तारखेसह लिहून ठेवा.