घरात कोणाची नजर गेली तर घर कसं बसवायचं (इंदूरच्या आपल्या लोकांसाठी)

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, थेंब आणि ऑपरेशन फक्त उरलेली टिकवायला असतात, हे डॉक्टरांनी सांगितलं की घरचे बहुतेक वेळा एकच करतात, त्या माणसाच्या हातातून सगळी कामं काढून घेतात. तुम्ही बसा, आम्ही आणतो, तुम्ही उठू नका, पडाल. प्रेमापोटीच करतात पण सहा महिन्यात तो माणूस खरंच खुर्चीतून उठेनासा होतो. माझ्या बाबांना काचबिंदू आहे, बाजूचं जवळजवळ काहीच दिसत नाही, समोरचं थोडंसं दिसतं, आणि तरी ते आज आमच्या राजेंद्रनगरच्या घरात स्वतःचा चहा करतात, दूधवाल्याचा हिशोब करतात, केस कापायला एकटे जातात. त्यामुळे मी जे सांगतेय ते एवढंच की काम काढून घेऊ नका, वस्तूची जागा ठरवा आणि तोंडाने सांगा, बाकीचं ते करतात.

सगळ्यात आधी ताट. नजर गेलेल्यांना शिकवणारे लोक घड्याळाची पद्धत सांगतात, म्हणजे ताट घड्याळ समजून बारा वाजता भाजी, तीन वाजता वरण, आणि ती चांगलीच आहे, पण आपल्याकडे तर हे आधीपासूनच ठरलेलं आहे! मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी, मधे भात नि पोळी. डावं-उजवं चुकलं की आजी ओरडायची ना, तेच. साठ-सत्तर वर्षं ज्याने असं जेवण केलंय त्याच्या हाताला ते पाठ असतं, आपणच हल्ली घाईत कसंही वाढतो, वाटी आज इकडे उद्या तिकडे. तर पुन्हा नीट वाढायला लागा, रोज, पाहुणे असोत नसोत. वाढताना एकदा म्हणा, डावीकडे आज काकडीची कोशिंबीर आहे, उजवीकडे मेथी आणि आमटी, आमटी गरम आहे. बास. भरवायचं नाही, पोळीचे तुकडे करून द्यायचे नाहीत जोवर ते स्वतः म्हणत नाहीत. सकाळी पोहे असतील तर जिलबी वेगळ्या बशीत, उजव्या हाताला, आणि सेव-जिरावण घातलंय का ते सांगा, नाहीतर माणूस वर अजून घालून बसतो.

थोडं दिसत असेल तर रंगाकडे बघा. पांढऱ्या प्लेटमध्ये पांढरा भात दिसत नाही, स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी हरवते. गडद रंगाची प्लेट आणा, दही गडद वाटीत, चहा पांढऱ्या कपात, दूध रंगीत कपात. हाच नियम घरभर लावा. आपल्याकडे बऱ्याच घरात कोटा स्टोन आहे, सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या, कुठे संपते कळत नाही, तर प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी किंवा पांढरी टेप लावा, पहिल्या आणि शेवटच्या पायरीला तर नक्कीच. पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड असेल तर भोवती काळी टेप. वाचताना दिवा खांद्याच्या मागून यायला हवा, डोळ्यावर आला की उलट त्रास होतो, आणि बाहेर उन्हात टोपी घाला, कडा असलेली.

आता घर. दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट उघडं दार सगळ्यात वाईट, कपाळ फुटतं. कपाटाची दारं, ओट्याखालचे ड्रॉवर, तेच. चपला दारासमोर नकोत, चार्जरची वायर वाटेत नको, आणि फरशी पुसली की मोठ्याने सांगायचं. दिवाळीची साफसफाई झाली आणि तुम्हाला सोफा हलवायची हौस आली तर त्या माणसाला विचारून हलवा आणि मग त्याचा हात धरून नवीन जागा दाखवा, दोनदा. बाहेरून आलेल्या मुलांनी रिमोट, चष्मा, पाण्याची बाटली उचलली तर त्याच जागी ठेवायची, ह्यावर मात्र कडक राहायचं. कचऱ्याचंपण असंच, इंदूरला तर ओला-सुका नीट वेगळा द्यावाच लागतो, मग डबेच वेगळ्या आकाराचे ठेवा, ओल्याचा गोल झाकणाचा, सुक्याचा चौकोनी, म्हणजे हात लावला की कळतं आणि गाडीचं गाणं आलं की ते स्वतः नेऊन देऊ शकतात.

स्वयंपाकघरात डब्यांना रबरबँड, मिठाला एक, साखरेला दोन. मसाले वासाने कळतात पण तिखट हुंगायला लावू नका कोणाला, त्याला वेगळ्याच आकाराची बरणी द्या. गॅस पेटवायच्या आधी भांडं बर्नरवर मधोमध ठेवायचं, मग पेटवायचा, आणि ओढणी-पदर खोचून. चहाचं पाणी कपानेच मोजून भांड्यात घालायचं म्हणजे ओतताना उतू जात नाही, जितकं मोजलं तितकंच परत येतं (थोडं आटतं तेवढंच कमी). थंड पाणी ओतताना बोटाचं टोक पेल्याच्या कडेवरून आत ठेवलं की पाणी कुठवर आलं ते कळतं, आणि आवाज पण बदलतो, थोड्या दिवसात कान सांगायला लागतात.

औषधाचे थेंब ही खूप महत्त्वाची गोष्ट. बाटल्या सगळ्या सारख्याच छोट्या, तर सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. दोन वेगळे थेंब असतील तर मधे निदान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो, आणि थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने हलकेच दाबून ठेवा, औषध घशात न उतरता डोळ्यात राहतं. बरं वाटतंय म्हणून थेंब बंद करायचे नाहीत, काचबिंदूत बरं-वाईट बहुतेक वेळा आतून जाणवतच नाही, हीच त्याची मोठी अडचण आहे.

मग माणसं. आपल्याकडे लग्नात, गणपतीत एक सवय आहे, जवळ येऊन हात धरायचा आणि म्हणायचं ओळखा बघू कोण. कृपया हे बंद करा. समोरचा हसतो पण त्याला चारचौघात परीक्षा दिल्यासारखं होतं. सरळ म्हणा, काका मी सुदामानगरचा अमुक. जाताना पण सांगून जा, नाहीतर तो माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. आणि बायकोला विचारू नका की ह्यांना चहा चालेल का, त्यांनाच विचारा, कान शाबूत आहेत.

चालताना आपण त्यांचा हात पकडून पुढे ढकलतो, ते चुकीचं, त्यात त्यांचा तोल जातो. त्यांनी आपला हात कोपराच्या थोडा वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं, म्हणजे आपलं अंग वळलं, चढलं, थांबलं की त्यांना आपोआप कळतं. जागा अरुंद असेल, सराफ्यात रात्री किंवा जेल रोडला, तर आपला हात पाठीमागे न्यायचा, ते आपल्या बरोबर मागे येतात. पायरी आली की थांबून सांगायचं, चढायची की उतरायची. खुर्चीत बसवायचं म्हणजे त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, एवढंच, बसतात ते.

पांढऱ्या काठीची लाज वाटते हे मला माहीत आहे, बाबा पण बरेच दिवस छत्री नेत होते. पण काठी खाली काय आहे ते सांगते आणि समोरच्या गाडीवाल्याला पण सांगते की हळू घे, छत्री हे सांगत नाही. साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत उंच हवी. डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे टेकायचं, उजवा पुढे तेव्हा डावीकडे, खांद्यापेक्षा किंचित रुंद. हे पुस्तकात वाचून येत नाही, शिकवणाऱ्याकडूनच शिका, आणि आधी पहाटे रिकाम्या कॉलनीत सराव करा. काठी कमरेच्या वरचं सांगत नाही, झाडाची फांदी, टेम्पोची उघडी फळी, त्यासाठी आयआयटी दिल्लीने बनवलेली स्मार्टकेन आहे, ती पुढे अडथळा आला की हातात थरथरते. राजवाड्याकडे ई-रिक्षा इतक्या झाल्यात आणि त्यांचा आवाज फार कमी येतो, तिथे एकट्याने रस्ता ओलांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कोणालाही हाक मारावी, इंदूरची माणसं थांबतात.

फोनला वेळ द्या, ह्याने सगळ्यात जास्त मोकळीक मिळते. स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं, सेटिंगमध्ये ऍक्सेसिबिलिटीत बघा, पैसे लागत नाहीत. चालू केलं की एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलून दाखवतो, दोनदा टॅप केलं की उघडतो. पहिले काही दिवस चिडचिड होणार, रोज फक्त फोन लावणं आणि उचलणं एवढंच करा. बोलायचा वेग कमी ठेवा, गुगलचा मराठी आवाज लावता येतो. कॉम्प्युटरवर काम असेल तर तसंच बोलून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे. औषधाचं नाव, बिल, पत्र वाचायला गुगलचं लुकआउट ॲप किंवा बी माय आइज ॲप, बी माय आइजमध्ये कॅमेऱ्यावरून खरी माणसं पण मदत करतात, फक्त बँकेची कागदपत्रं अनोळखी माणसाला दाखवू नका.

पैशाचं. १०० ची नोट १४२ मिमी, २०० ची १४६, ५०० ची १५०, म्हणजे फरक ४-४ मिमीचाच, घाईत कळत नाही. कडेला उंचवट्याच्या रेषा आहेत, १०० ला चार, ५०० ला पाच, पण जुनी नोट झिजलेली असते. त्यापेक्षा घरी आल्यावरच घड्या वेगळ्या घाला, १०० सरळ, २०० अर्धी, ५०० लांबीत दुमडून. रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) नावाचं ॲप आहे, १ जानेवारी २०२० ला आलं, इंटरनेटशिवाय नोट ओळखून बोलतं. यूपीआयला कॅमेरा कोडवर नेमका धरणं अवघड, नंबर टाकून द्या, दुकानातला स्पीकर रक्कम बोलतोच. आणि बँकेने दिसत नाही म्हणून चेकबुक, एटीएम, लॉकर नाकारता कामा नये, रिझर्व्ह बँकेची तशी सूचना २००८ पासून आहे, काउंटरवर अडवलं तर मॅनेजरकडे लेखी मागा.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायला कंटाळा करू नका. यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) अर्ज सरकारच्या स्वावलंबन साइटवर ऑनलाइन होतो, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. काचबिंदूवाल्यांनी हे लक्षात ठेवा की तुम्हाला तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली तरी नजरेचा घेरा (आजूबाजूचं किती दिसतं ते) कमी असेल तर ते पण धरतात, अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात चांगल्या डोळ्याचा घेरा १० अंशापेक्षा कमी असेल तर ते अंधत्वच आहे, आणि १० ते ४० च्या मधे असेल तर लो व्हिजन, म्हणजे कमी दृष्टी. म्हणून फील्ड टेस्टचा (घेरा मोजायची तपासणी) रिपोर्ट बरोबर न्याच. ४० टक्के किंवा जास्त आलं की बहुतेक सवलती लागू होतात, इन्कम टॅक्समध्ये जुन्या पद्धतीत अपंगत्वासाठी ७५,००० ची वजावट, ८० टक्क्यांवर १,२५,०००. डॉक्टरांना लो व्हिजन क्लिनिकचं पण विचारा, भिंग आणि चष्मे तिथे माणूस बघून ठरवतात.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. नजर बरीच गेलेल्या काही लोकांना नसलेल्या गोष्टी दिसतात, भिंतीवर जाळी, रंगीत नक्षी, कधी चक्क माणसं, लहान मुलं. आवाज नसतो, फक्त दिसतं. ह्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात, १७६० मध्ये बॉनेटने स्वतःच्या आजोबांचं असं लिहून ठेवलं होतं. हे वेड नाही, बाहेरची बाधा तर नाहीच नाही, डोळ्याकडून काही येईनासं झालं की मेंदू आपणच चित्रं काढतो. भीतीने म्हातारी माणसं हे लपवतात. तुम्हीच सहज विचारा, असं काही दिसतं का, आणि डॉक्टरांना सांगा. उदासीचं पण तसंच, झोप नाही, जेवण नाही, सारखं आता कशाला जगायचं असं चाललं असेल तर ते वयाचं म्हणून सोडू नका, त्यावर उपचार आहेत.

आणि काचबिंदू घराण्यात चालत येऊ शकतो. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला असेल तर चाळिशीनंतर, शक्यतो आधीच, डॉक्टरकडे जाऊन सांगा की नुसता चष्म्याचा नंबर काढू नका, डोळ्याचं प्रेशर आणि मागची नस दोन्ही बघा, आणि रिपोर्ट जपून ठेवा म्हणजे पुढच्या वर्षी फरक कळेल.